सातवी चौकट

मे महिना, अमावस्येनंतरचा दुसरा दिवस. ओहोटी साडेसहाची, म्हणून आम्ही दोघी साडेपाचलाच वरळीच्या खडकांवर उतरलो.

मुंबईत प्रवाळ आहेत म्हटलं की लोकांना पटत नाही. मालवणचं नितळ पाणी इथे कुठलं! इथले प्रवाळ काळ्या पाषाणाच्या बेचक्यात चिकटलेले, तळहाताएवढे. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवलंय. म्हणूनच कोस्टल रोडच्या वेळी, २०२० साली, वरळी आणि हाजी अलीच्या १८ प्रवाळ-वसाहती, म्हणजे एकत्र वाढणाऱ्या इवल्या प्रवाळजिवांचे पुंजके, परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या.

काम ठरलेलं: अर्ध्या मीटरची चौकट टेकवायची, आतली प्रत्येक वसाहत मोजायची, तिचा रंग पट्टीशी ताडायचा, गाळ आणि शेवाळ किती ते लिहायचं. या खडकाच्या नावापुढे आधीच्या एका पाहणीत ‘जिवंत प्रवाळ नाही’ असा शेरा होता.

सातव्या चौकटीत चिखलाने माखलेला पांढरट डाग दिसला. “मेलंय हे,” सहकारीण म्हणाली. मीही पेन्सिल टेकवली.

शेजारी एक कोळीण मावशी कालवं फोडत होत्या. “पोरी, पानी तरी वत त्याच्यावर. चिखलाखाली काय दिसनार?”

डब्याच्या झाकणाने डबक्यातलं पाणी कडेकडेने सोडलं. ब्रश लावायचा नाही, वरची नाजूक त्वचा फाटते. गाळ निघाला, खाली बारीक खळग्यांची नक्षी. नक्षी तर मेल्यावरही राहते. मी खडकावर पालथी पडले, टॉर्च तिरपा धरला. खळग्यांच्या कडांवर काचेसारखा पातळ, ओला पडदा चमकला. दोन खळग्यांत आखडून घेतलेली इवलीशी तोंडंही दिसली.

जिवंत होतं! पाणी तापलं की प्रवाळाच्या अंगातली, त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं निघून जातात आणि पारदर्शक त्वचेतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. प्रवाळ उपाशी असतं, पण सावरू शकतं. मेलेल्या सांगाड्यावर शेवाळ चढतं. इथे ते फक्त एका कडेला होतं.

‘मृत’ लिहिलं की वसाहत यादीतून जाते, आणि उद्या त्या खडकावर भराव पडला तरी कुणी विचारत नाही. तो जुना शेरा मला अजून सलतो. लिहिणारा गुडघ्यावर बसला होता का?

“भरती लागली, निघा आता,” मावशींनी टोपली उचलली. मी ‘मृत’चा लिहायला घेतलेला ‘मृ’ खोडून ‘पांढरं पडलेलं, जिवंत’ लिहिलं. आठवी चौकट अर्धीच राहिली. पाणी घोट्याला लागलं होतं.