हब बेअरिंगच्या असेंब्लीवर

डिप्लोमा करून चाकणजवळच्या एका बेअरिंग कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो. ग्राइंडिंगची इच्छा होती, मिळाली हब युनिटची, म्हणजे गाडीच्या चाकाच्या मधोमध बसणाऱ्या बेअरिंगची, असेंब्ली. मित्र हसले, "छर्रे भरायचं काम!" लांबून दिसतं तसंच.

आमच्याकडे तिसऱ्या पिढीचं युनिट बनायचं. गाडीचं चाक ज्या फ्लँजवर बोल्टने बसतं, तिच्याच दांड्यावर छर्‍यांची एक ओळ फिरते. दुसऱ्या ओळीसाठी दांड्यावर वेगळी छोटी रिंग चढवतात. या रिंगचं आणि छर्‍यांचं पोलाद एक टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियमचं, आरपार कडक केलेलं. फ्लँज मात्र मध्यम कार्बनची, इंडक्शनने, म्हणजे विजेच्या कॉइलने तापवून, फक्त ट्रॅकपुरती (छर्रे फिरतात त्या खाचेपुरती) कडक केलेली. सगळीच कडक केली तर खड्ड्यात आदळून तडकायची.

खरी मेख मापात. आतला-बाहेरचा ट्रॅक मास्टरशी, म्हणजे अचूक मापाच्या नमुन्याशी, ताडून मशीन छर्‍यांचा गट निवडतं, फरक मायक्रॉनचा. वॉशिंगमधून आलेला गरम माल लगेच गेजवर, म्हणजे मापाच्या यंत्रावर, ठेवू द्यायचे नाहीत. साठ मिलिमीटरची रिंग पाच अंशांनी जास्त गरम असली, तर साडेतीन मायक्रॉनच्या आसपास मोठी भरते. बाहेर ट्रक उभा असला तरी माल थंड होईपर्यंत थांबायचंच, आणि डिस्पॅचवाल्यांच्या शिव्या आम्हीच खायच्या.

शेवटी रोलिंग. तिरका पंच गोल फिरत दांड्याचं टोक छोट्या रिंगवर दुमडतो. नट नाहीच. या दाबाने आतली फट, म्हणजे क्लिअरन्स, संपते आणि युनिटला प्रीलोड येतो, म्हणजे छर्रे आधीपासूनच दाबात बसतात. एकदा टोक दुमडलं की आत गेज घालायला जागा उरत नाही. म्हणून दुमडण्याआधीचं रीडिंग जपायचं, नंतर फिरवायला लागणारा टॉर्क बघायचा. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सीलवर चुंबकीय पट्टे असतात, ते दाखवणारी फिल्म ठेवून तपासायचे; तिथे चुंबकाचं हत्यार आणायलाच बंदी. मला हे काम सर्वांत आवडायचं, उगाच जादूगार असल्यासारखं वाटायचं.

स्टेशन स्वतंत्र सांभाळायला मिळण्याआधी आमचे सेटर मामा (मशीन लावून देणारे जुने कारागीर) परीक्षा घेत. त्यांनी रोलिंग झालेलं युनिट हातात दिलं.

"क्लिअरन्स किती, सांग."

मी उलटसुलट पाहिलं. "मामा, आता कसं सांगू? रोलिंगच्या आधीचं रीडिंग द्या."

काही न बोलता त्यांनी कार्डावर सही केली. पुढच्या आठवड्यापासून मला नाइट शिफ्ट लागली.