शेवटचं पान

दुपारी ओसरीवर पुतण्या आडवा झाला होता. रात्रभर हरभऱ्यात जागल. रोही अन् रानडुकरं हल्ली एक रात्र खाडा करत नाहीत, त्यामुळं गावातली निम्मी पोरं दुपारी अशीच पसरलेली दिसतात. छातीवर मोबाईल उघडाच होता. उचलून पाहिलं तर इंग्रजी पुस्तक, ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज आर. आर. मार्टिनचं. पोरगं मचाणावर राजघराण्यांच्या कत्तली वाचत बसतं आणि खाली रोही हरभरा खातात, अशी वहिनीची तक्रार असते ती हीच.

मला एक खोड आहे. पुस्तक हाती आलं की आधी शेवटचं पान. कोण जगलं, कोण गेलं हे कळलं की मग निवांत वाचता येतं. बायको याला चोरी म्हणते. म्हणो. पुतण्या उठल्यावर मी विचारलंच, "शेवटी गादीवर कोण बसते रे?"

"शेवट कुठं हाय काकाजी! लिहिलाच नाई अजून त्यानं."

पहिला खंड १९९६चा, पाचवा २०११चा. सात होणार आहेत म्हणे, आणि सगळे सहाव्यावर अडलेत. पाचवा आला तेव्हा पुतण्या पाटीवर अक्षरं गिरवत होता. टीव्हीवरच्या मालिकेनं २०१९मध्ये आपल्यापुरता शेवट उरकून घेतला, पण तो पुतण्याच्या हिशेबात नाही. "थो टीव्हीवाल्यायचा," एवढंच. लेखक १९४८चा जन्मलेला. डॉसवर चालणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर, वर्डस्टार नावाच्या जुनाट टायपिंगच्या प्रोग्राममध्ये लिहितो. त्या यंत्राला इंटरनेट जोडलेलंच नाही. वर्डस्टार! यवतमाळला ज्या क्लासात मी ते शिकलो, तिथं आता चपलांचं दुकान आहे.

पुतण्यानं सांगितलेली एक गोष्ट मात्र मला त्या खंडांहून आवडली. मार्टिनचा बाप गोदीत कामाला. राहायला न्यू जर्सीतल्या बेयोनची सरकारी वसाहत, तिथं कुत्रं-मांजर पाळायला बंदी. मग यानं कासवं पाळली, खेळण्यातल्या किल्ल्यात ठेवली. कासवं पटापटा मरायची. आणि हा पोरगा ठरवायचा, की गादीसाठी एकमेकांविरुद्ध कट करून त्यांनीच एकमेकांचा काटा काढला!

आमचा सालदार असाच. हिवाळ्यात मी वडिलांचा मार चुकवून त्याच्यासोबत जागलीला जायचो. तुराट्यांची शेकोटी पेटवून तो हरभऱ्याचं झाड मुळासकट धगीवर धरायचा आणि काळ्या पडलेल्या बोटांनी घाटे फोडून गरम दाणे माझ्या तळहातावर टाकत गोष्ट पुढं न्यायचा. राजा, सात राजपुत्र, राक्षस. दिवसा ज्याच्याशी भांडण झालं असेल, तो त्या रात्री गोष्टीत हमखास मरायचा. राक्षसाला पोलीस पाटलासारख्या मिशा होत्या. माझा लाडका राजपुत्र त्यानं एका रात्री साप चावून मारला. मी रडायला लागलो, तर म्हणाला, "माणूस होता बाबू, मेला. हे घे, घाटे खाय."

पाडव्याला त्याचं साल संपलं आणि तो दुसऱ्या गावच्या मालकाकडं लागला. धाकटा राजपुत्र तेव्हा विहिरीत होता.

मी घर डोक्यावर घेतलं. शेवटी वडिलांनीच गोष्ट पुरी केली, "निघाला विहिरीतून, लग्न झालं, झोप आता." मी ती साफ नामंजूर केली.

दुसऱ्यानं पुरी केलेली सगळीच गोष्ट वाया जाते असं नाही म्हणा. रॉबर्ट जॉर्डन हा असाच राजे-राक्षसांच्या कादंबऱ्या लिहिणारा. तो २००७मध्ये गेला तेव्हा त्याची ‘व्हील ऑफ टाइम’ ही मोठी कादंबरी-मालिका अपुरीच होती. त्याच्या बायकोनं, ती त्याची संपादकही होती, ब्रँडन सँडरसन या दुसऱ्या लेखकाला गाठलं. त्यानं मागं राहिलेल्या टिपणांवरून तीन जाडजूड खंड लिहिले आणि २०१३मध्ये मालिका संपवली. वाचकांनी ती आपली मानली. पण सँडरसन आधी जॉर्डनचा वाचक होता. वडिलांनी सालदाराची गोष्ट एक रात्रही ऐकली नव्हती.

पुतण्याला हे सगळं ऐकवलं. तो मोबाईल चार्जिंगला लावत होता.

"आबाजीनं विहिरीतून काहाडला तरी त्याले," तो म्हणाला. "आमचा मार्टिन बुडा असता, तर आत अजून दोन ढकलले असते."