रहस्यकथांची वही: अंदाज कुठे थांबून लिहायचा

रहस्यकथा वाचताना नोंदी ठेवायची ही पद्धत फेरीफेरीने सुधारत नेली आहे. या फेरीत लक्ष एकाच गोष्टीवर आहे: खुनी कोण याचा अंदाज कधी आणि कसा लिहायचा. हलक्याफुलक्या रहस्यकादंबऱ्यांचा, म्हणजे हल्ली सगळे ज्यांना 'कोझी' म्हणतात त्यांचा, साचा आपल्याला पाठ असतो. खून पडद्याआड होतो, तपास करणारी बाई पोलिसातली नसते, गाव एवढंसं असतं आणि गावात सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. साचा पाठ असल्यामुळेच पुस्तक मिटताना 'मला आधीच कळलं होतं' हे वाक्य फुकटात तोंडातून जातं. वही हवी ती त्या वाक्याची झडती घ्यायला. ज्या अंदाजाला पान क्रमांक दाखवता येत नाही, तो अंदाज नव्हे, तुक्का.

आधी साहित्य. 'वही' म्हणजे इथे खरी वही नव्हे, कार्डं. एका ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की साधारण १०.५ × १४.८ सेंटिमीटरची कार्डं मिळतात. एका पुस्तकाला दोन पुरतात, एक माणसांचं आणि एक वेळेचं. दोन्ही बुकमार्क म्हणून पुस्तकातच ठेवायची. वेगळी जाडजूड वही शेजारी घेऊन बसलं की पहिले तीन प्रकरण उत्साह टिकतो, मग ती उशीखाली जाते. लिहायला एचबी पेन्सिल. जेल पेनची ओली शाई कार्ड मिटताच समोरच्या पानावर उमटते. रंगीत चिकटपट्ट्या नव्या पुस्तकाला चालतील, पण जुन्या, पिवळ्या पडलेल्या पेपरबॅकला लावू नयेत. तो कागद ठिसूळ असतो, पट्टी काढताना पानाचा पापुद्रा घेऊन येते. तिथे साध्या कागदाची चिटोरी ठेवावी आणि पुस्तक संपल्यावर आठवणीने काढावी.

माणसांच्या कार्डावर नाव कधी चढवायचं, याचा नियम आता पक्का केला आहे: नाव आहे आणि निदान एक संवाद आहे, तरच. नुसता उल्लेख झालेल्या प्रत्येकाला ओळ दिली तर चाळिसाव्या पानापर्यंत कार्ड भरतं आणि मग खरा माणूस येतो तेव्हा जागा नसते. ओळीत चारच गोष्टी: नाव, पहिल्यांदा आलं ते पान, मृताशी नातं, आणि ती व्यक्ती गेली तर तिच्या जाण्याने कोणाचं काय अडतं किंवा सुटतं. 'स्वभावाने चांगली', 'संशयास्पद' असली विशेषणं लिहायची नाहीत. ती लेखिकेने आपल्या हातात मुद्दाम दिलेली असतात. मालिकेतली कायमची माणसं, म्हणजे मैत्रीण, पोलिस अधिकारी, शेजारची म्हातारी, यांच्या नावाभोवती गोल काढावा. त्यांच्यातला कोणी खुनी निघणं अगदी विरळा, पण हे ज्ञान गोष्टीच्या आतलं नाही, बाहेरचं आहे, आणि ते वेगळं मोजायचं आहे. त्याबद्दल पुढे.

'पहिलं पान' हा रकाना बिनकामाचा वाटतो, तसा तो नाही. ब्रिटिश रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली हेरकथेचे जे दहा नियम मांडले, त्यातला पहिलाच असा की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात वाचकाला भेटलेला असला पाहिजे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यकथा लेखकांचा जो 'डिटेक्शन क्लब' सुरू झाला, त्याच्या सभासदांच्या शपथेत महत्त्वाचा धागा वाचकापासून न लपवण्याचं वचन होतं. आजच्या कोझी लेखिका कसलीही शपथ घेत नाहीत, तरी बहुतेकजणी हा संकेत पाळतात, कारण वाचक चिडतात. म्हणून पुस्तकाचा एक तृतीयांश भाग संपला की कार्डावर आडवी रेघ मारावी. रेघेखाली आलेली नावं संशयितांच्या यादीत शेवटी.

आता वेळेचं कार्ड. खरी मजा इथे आहे आणि बहुतेकजण कंटाळून सोडतात ते हेच. कार्डाला तीन उभे रकाने: वेळ, कोण म्हणतं, कोणी पाहिलं. दुसरा आणि तिसरा रकाना एकत्र केला की कार्ड वाया गेलं म्हणून समजा. रहस्यकथेतला निम्मा खेळ 'म्हणाला' आणि 'होता' यांच्या मधल्या फटीत चालतो.

एक बनवलेलं उदाहरण घेऊ. पान ६२ वर घरमालकीण कुरकुरते की त्या संध्याकाळी पावणेनऊ ते सव्वानऊ वीज नव्हती, फ्रीजमधलं सगळं पाघळलं. वाक्य विनोदी आहे, पुढच्या ओळीत मांजर टेबलावर उडी मारतं आणि प्रसंग संपतो. पान १२१ वर मृताचा भाचा पोलिसांना सांगतो, 'नऊ वाजता मी माझ्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होतो.' दोन वाक्यांच्या मध्ये साठेक पानं, दोन नवे संशयित आणि एक प्रेमप्रकरण. वाचताना कोणाच्याही लक्षात येत नाही. कार्डावर मात्र ८.४५ ते ९.१५ 'वीज नाही – मालकीण – पा. ६२' आणि लगेच खाली '९.०० इस्त्री – भाचा – कोणी नाही – पा. १२१' असं दिसतं, आणि प्रकरण तिथेच उघडं पडतं. याच नोंदी 'त्या दिवशी वीज गेली होती' आणि 'भाचा घरी होता' अशा लिहिल्या असत्या तर काहीच हाती लागलं नसतं. सारांश लिहिला की नेमका जो तपशील बोलका असतो तोच गळतो. तेव्हा वाक्यातलं क्रियापद आणि वस्तू जशीच्या तशी उचलायची: 'घरी' नाही, 'इस्त्री'.

अर्थात इथेच घाई नको. भाचा खोटं बोलतो एवढंच सिद्ध झालं. कोझीत खोटं बोलणाऱ्यांतले बरेचजण खुनी नसतात, ते दुसरंच काहीतरी झाकत असतात: कर्ज, चोरून भेटलेली व्यक्ती, नोकरी गेल्याची गोष्ट. प्रत्येक खोट्याच्या पुढे 'कशासाठी?' असा छोटा प्रश्न ठेवावा. लेखिकेने मधल्या भागात त्याचं साधं उत्तर दिलं तर ते नाव खोडायचं. शेवटपर्यंत उत्तर न मिळालेलं खोटं महत्त्वाचं.

धागे लपवण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या ओळखायला लागलं की वेग न घटवता वाचता येतं. वरच्या उदाहरणात दोन आल्या: विनोदी तक्रार, आणि धाग्यापाठोपाठ येणारा गोंधळ. मांजर, फोन, दाराची घंटा, सांडलेला कप अशा व्यत्ययाच्या आधीची दोन वाक्यं पुन्हा वाचायची, हा सर्वांत कमी कष्टाचा उपाय. तिसरी जागा यादीच्या मध्यात: कपाटात सापडलेल्या सहा वस्तूंपैकी तिसरी किंवा चौथी. पहिली आणि शेवटची डोळ्यांत राहते, मधली घसरते. चौथी जागा म्हणजे ज्याचं कोणी ऐकतच नाही अशा माणसाचं बोलणं: लहान मूल, विसराळू म्हातारे, अखंड बडबडणारी शेजारीण. पाककृती किंवा विणकामाचे लांबलचक परिच्छेद मात्र बहुधा निरुपद्रवी असतात. अपवाद एकच, त्यातला एखादा घटक किंवा हत्यार पुढे नावानिशी पुन्हा आलं तर.

थांबायचं कुठे, यावर सगळ्यात जास्त खटपट करावी लागते. जुन्या कादंबऱ्यांत हे सोपं होतं. एलरी क्वीन या नावाने लिहिणाऱ्या जोडीने १९२९ पासून आपल्या सुरुवातीच्या पुस्तकांत उलगड्याआधी 'वाचकाला आव्हान' असं पानच घातलं: आता सगळे धागे तुमच्याकडे आहेत, सांगा. त्याच वर्षी हार्पर या अमेरिकी प्रकाशकाने शेवटचा भाग कागदी पट्टीने सील केलेली पुस्तकं काढली. सील न फोडता परत आणलं तर पैसे परत. आजच्या पुस्तकात अशी खूण नसते, म्हणून ती आपणच करायची.

रीत अशी. अनुक्रमणिकेवरून मूळ कथा कोणत्या पानाला संपते ते पाहा. शेवटी पाककृती आणि पुढच्या भागाचं नमुना प्रकरण असलं तर ती पानं वजा करा. उरलेल्या पानांच्या ८० टक्क्यांवर जे प्रकरण सुरू होतं, तिथून पुढची सगळी पानं चार सेंटिमीटर रुंद कागदी पट्टीने गुंडाळून पट्टीची टोकं एकमेकांना चिकटवा, पानाला नव्हे. कथा २८० पानांची असेल तर पट्टी २२४ च्या आसपास येते. धातूची क्लिप नको, कडांवर कायमचा वळ उठतो. अनुक्रमणिकेत प्रकरणांना नावं असली तर शेवटची चार-पाच नावं हाताने झाकूनच पाहा. काही नावं सरळ पत्ताच सांगतात.

८० टक्के का? कोझीत शेवटच्या दहा-बारा टक्क्यांत नायिका एकटीच खुन्याच्या तावडीत सापडते आणि त्याच्या थोडं आधी 'अचानक तिच्या डोक्यात प्रकाश पडला' छापाचं वाक्य असतं. अंदाज त्या वाक्याच्या आधीच कागदावर हवा. प्रकाश तिच्या डोक्यात पडला की ती कोणाच्या घराकडे गाडी वळवते यावरूनच उत्तर कळतं, मग त्यात आपलं कर्तृत्व काय? ते वाक्य पट्टीच्या अलीकडेच आलं तर तिथल्या तिथे पुस्तक मिटायचं.

अंदाज तीन ओळींचा: कोण, का, कसा. प्रत्येकासमोर पान क्रमांक. अंदाजाला स्वतःच गुण द्यायची पद्धतही बदलली आहे. नाव बरोबर आलं पण एकही पान दाखवता आलं नाही तर शून्य, कारण पाच-सात संशयितांत नाव लागणं ही लॉटरी आहे. नाव चुकलं, तरी नोंदवलेले धागे उलगड्यात खरे ठरले तर अर्धे गुण. आणि 'बाहेरचे पुरावे' वेगळ्या ओळीत: नायिकेचा प्रियकर खुनी नसणार, साठ टक्क्यांवर अटक झालेला माणूस निर्दोष असणार, उजव्या हातात अजून जाड गठ्ठा उरलाय म्हणजे हा कबुलीजबाब खोटा. हे सगळं खरं असतं, पण ती पुस्तकाची चलाखी ओळखणं झालं. तपास तो नव्हे. त्याला गुण नाहीत.

ई-बुकवर ही पद्धत थोडी वाकवावी लागते. अक्षरांचा आकार बदलला की पडदाभर मजकूर बदलतो, म्हणून नोंदीत प्रकरण क्रमांक आणि टक्के लिहावेत. टक्क्यांवर आंधळा विश्वास नको. शेवटी नमुना प्रकरण जोडलेलं असेल तर कथा ९२-९३ टक्क्यांवरही संपते आणि पट्टी चुकीच्या जागी पडते. इतर वाचकांनी अधोरेखित केलेली वाक्यं दाखवायची सोय आधी बंद करा, नेमक्या धाग्याखाली ठिपक्यांची रेघ दिसते. शोध-चौकटीत संशयिताचं नाव टाकणं तर पूर्ण वर्ज्य: पुढच्या प्रकरणांतली वाक्यंही निकालात दिसतात.

मालिका कोणत्या क्रमाने वाचायची, हा वाद आता मिटवून टाकू. प्रकाशनाच्या क्रमाने. कथेतल्या काळाच्या क्रमाने नव्हे. कारण नंतरच्या पुस्तकात आधीचा खुनी सहज बोलण्यात फुटतो. सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण अगाथा ख्रिस्ती यांचं 'डम्ब विटनेस' (१९३७). त्यात त्यांचा गुप्तहेर प्वारो गप्पांच्या ओघात आधीच्या चार कादंबऱ्यांतल्या खुन्यांची नावं घेऊन मोकळा होतो. नवख्याला हे पुस्तक आधी देऊ नका. दुसरी अडचण दुहेरी नावांची. एकच कादंबरी ब्रिटनमध्ये एका आणि अमेरिकेत दुसऱ्या नावाने निघायची: १९५७ चं 'फोर फिफ्टी फ्रॉम पॅडिंग्टन' तिकडे 'व्हॉट मिसेस मॅगिलिकडी सॉ!' होतं. मालिकेच्या यादीत दोन्ही नावं एकाच ओळीत लिहा, नाहीतर तेच पुस्तक दोनदा घरात येतं. मागच्या कव्हरवरच्या मजकुराची पहिली दोन वाक्यं वाचा आणि थांबा. तिसऱ्यात बहुतेक वेळा मृत कोण ते सांगून टाकलेलं असतं, आणि कधीकधी तो साठाव्या पानापर्यंत जिवंत असतो.

बैठकीच्या सवयींत फारसा बदल नाही. एका वेळी ४० ते ६० पानं, दोन बैठकांत दोन दिवसांहून जास्त अंतर नाही. त्यापुढे वेळेचं कार्ड समोर असूनही माणसांचे आवाज विसरतात. प्रकरणाच्या शेवटी थांबायचं नाही, मध्येच जिथे प्रसंग बदलतो तिथे थांबायचं. प्रकरणाचा शेवट पुढे ओढण्यासाठीच लिहिलेला असतो आणि त्या ओढीत रात्री दीड वाजता, पेंगत, नेमकी धाग्याची पानं उलटली जातात. एकाच मालिकेतली दोन पुस्तकं पाठोपाठ घेऊ नयेत. गावकरी तेच असल्यामुळे एका पुस्तकातलं भांडण दुसऱ्याच्या कार्डावर चढतं.

ऑडिओबुकची पद्धत अजून बसलेली नाही. ऐकताना मागे पान उलटता येत नाही, नावांचं स्पेलिंग दिसत नाही, आणि वाचणारा कलाकार एखाद्या किरकोळ पात्राला फारच मन लावून आवाज देतो तेव्हा कान टवकारतात. तो पुरावा आतला की बाहेरचा? सध्या तो बाहेरच्या ओळीत टाकला आहे. पुढच्या फेरीत दर प्रकरणाच्या शेवटी थांबवून फक्त वेळेचं कार्ड भरायचं, वेग १.२ पटीच्या वर न्यायचा नाही, झोपायच्या टायमरवर रहस्यकथा लावायची नाही, आणि ८० टक्क्यांची खूण एकूण तास-मिनिटांवरून आधीच काढून ठेवायची: साडेसात तासांच्या ध्वनिमुद्रणात ती सहा तासांवर येते.