बार्शी लाईट, एकास सत्त्याऐंशी

माझ्या अभ्यासाच्या खोलीत कपाटाला लागून सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी एक फळी आहे, आणि तिच्यावर गेली चार वर्षे सोलापूर जिल्ह्यातले, बार्शी लाईट या जुन्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेचे एक लहानसे स्थानक प्रतिकृतीच्या रूपात आकार घेत आहे. इंजिन, डबे आणि रूळ यांचे काम पहिल्या दीड वर्षातच बऱ्यापैकी उरकले होते. उरलेला सगळा काळ जमीन करण्यात गेला, आणि हा लेख मुख्यतः त्या जमिनीविषयी आहे.

आधी माप सांगतो, कारण या छंदात सगळ्याची सुरुवात भागाकाराने होते. एचओ नावाचे माप म्हणजे मूळ वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग, आणि त्याचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो. युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजला, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराला, तो चोख बसतो. आपला ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचा असल्यामुळे याच मापात तो सव्वाएकोणीस मिलिमीटर भरायला हवा, आणि म्हणून बाजारातल्या रुळांवर ठेवलेला आपला डबा लहान चपला घातलेल्या पैलवानासारखा दिसतो. नॅरोगेजवाल्यांची गोष्ट वेगळी आहे. बार्शी लाईटचा गेज अडीच फुटांचा, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा होता. त्याला सत्त्याऐंशीने भागले की ८.७६ येतात, आणि तयार मिळणारा रूळ ९ मिलिमीटरचा आहे. पाव मिलिमीटरच्या या चुकीबद्दल मी कोणाचीही क्षमा मागणार नाही.

बार्शी लाईट निवडण्याचे खरे कारण अर्थातच भागाकार नव्हे. लहानपणी सुटीत मामांकडे गेलो की कुर्डुवाडीहून पंढरपूरला त्याच गाडीने जाणे होई. ही रेल्वे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभी केली आणि १८९७ साली तिचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. लातूर ते मिरज हे सगळे अंतर सुमारे ३२५ किलोमीटर भरते, आणि माझ्या मापात ते करायचे म्हटले तर पावणेचार किलोमीटर रूळ लागेल. हलक्या रुळांवरही भरपूर माल वाहता यावा म्हणून इंजिनापासून वाघिणीपर्यंत प्रत्येक आसावरचा भार पाच टनांच्या आत ठेवायचा, हा कॅल्थ्रॉपचा हट्ट होता. मालवाघिणींच्या सांगाड्यासाठीही त्याने २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद असे एकच माप ठरवले होते. ज्याला घरी बसून बारा वाघिणी करायच्या आहेत त्याला या निर्णयाचे मोल विचारावे: मी साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर लांबीचा एकच सांगाडा प्लॅस्टिकच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून कापून, कानशीने घासून तयार केला, सिलिकॉनमध्ये त्याचा साचा घेतला आणि बाकीचे अकरा रेझिनमध्ये ओतले. इंजिनाच्या बाबतीत मात्र मी हार मानली. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या इंजिनाची एकात एक जोडलेली आठ चाके आणि मागची चार चाकी बोगी माझ्या फळीवरच्या सव्वाबावीस सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर वळेना, तेव्हा एन या एचओहून लहान मापातली तयार सहाचाकी चॅसी, म्हणजे चाकांसकट खालचा सांगाडा, घेऊन तिच्यावर मनाजोगते धड चढवले. ते कोणत्याही खऱ्या इंजिनाची नक्कल नाही, आणि जाणकारांनी तिकडे फार वेळ पाहू नये.

जमिनीच्या कामाला लागलो तेव्हा मला वाटले होते की यात अवघड असे काय आहे. मामांना फोन करून रानातली पिशवीभर माती आणायला सांगितली. मामा पुण्यात आले आणि दारातच म्हणाले, "आरं, समदं मिळतंय म्हनं तुमच्या पुन्यात, आन् माती कुर्डुवाडीची लागती व्हय?" ती माती मी रव्याच्या चाळणीने चाळली, फळीवर बोटभर थर दिला आणि फेव्हिकॉलचे पातळ पाणी ड्रॉपरने सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळी भेगाळलेली होती. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते हे शाळेत शिकलो होतो. फळीवरच्या मातीनेही तेच केले होते. कौतुकाची गोष्ट अशी की त्या भेगा जवळपास एक मिलिमीटर रुंद होत्या, म्हणजे खऱ्या रानात साडेतीन इंच, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे भेग पडते ती साधारण तेवढीच. मी त्या तशाच राहू दिल्या.

खरा घोटाळा आठवडाभराने कळला. इंजिन पाच-दहा मिनिटे नीट चाले, मग कुरकुरायला लागे आणि शेवटी तापून थांबे. उघडून पाहिले तर मोटरच्या चुंबकावर काळी बारीक लव उगवली होती. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे कण असतात, आणि त्याच पाषाणाची झीज होऊन आमची माती झालेली आहे. रुळांजवळची धूळ मोटरने आपल्याकडे ओढून घेतली होती. परदेशी पुस्तकांत खरी माती वापरण्यापूर्वी तिच्यातून चुंबक फिरवावा असा सल्ला असतो, आणि तो मी फाजील काळजी समजून सोडून दिला होता. आता फ्रिजच्या दारावरचा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ताटभर मातीतून दहा वेळा फिरवतो. पिशवी उलटी केली की चिमूटभर काळी पूड हमखास पडते.

पण चुंबक फिरवूनही खरी माती खरी दिसेना, आणि ही या छंदातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट आहे. फेव्हिकॉल प्यायलेली माती डांबरासारखी काळीकुट्ट दिसत होती. रानात आपण ती माती लख्ख उन्हात आणि दुरून पाहतो, मधल्या धुळीने तिचा रंग फिकट होतो; खोलीत ट्यूबलाइटखाली हातभर अंतरावरून तोच रंग गडद वाटतो. त्यामुळे लहान मापात प्रत्येक रंग मुळापेक्षा थोडा फिका करावा लागतो. आता मी राखाडी-तपकिरी रंग कालवलेल्या प्लास्टरचा पातळ थर देतो, आणि तो ओला असतानाच मलमलीतून चाळलेली खरी माती वरून नुसती भुरभुरवतो. भेगा असलेला पहिला तुकडा मात्र मोडला नाही. त्याच्यावर फिक्या रंगाचा कोरडा ब्रश फिरवून तो कडेच्या शेतासाठी ठेवला.

रुळाखालच्या खडीने एवढे छळले नाही. त्यासाठी आईच्या डब्यातली रांगोळी वापरली. रांगोळीचे दहा कण पट्टीवर एका ओळीत लावून पाहिले, तर ते पाच मिलिमीटरमध्ये बसले. म्हणजे एकेक कण अर्ध्या मिलिमीटरचा, आणि मापाने वाढवला तर पावणेदोन इंची खडी. राखाडी रंगात घोळवून, वाळवून, पुन्हा चाळून ती रुळांमध्ये भरली. गंजासाठी गेरू आहेच. स्पिरिटमध्ये कालवलेला गेरू वाघिणीच्या कडांना आणि रुळांच्या बाजूंना लावला की विकतच्या महागड्या भुकटीची गरज उरत नाही. फक्त वरून वॉर्निश मारले की तो निम्म्याहून अधिक दिसेनासा होतो, हे गृहीत धरून आधीच दुप्पट लावावा. "रांगोळी दारात काढायची की गाडीखाली घालायची ते एकदा ठरव," असे आई अजूनही म्हणते.

गेल्या हिवाळ्यात कडेच्या शेतात ज्वारी उभी केली. सात फुटी ताट माझ्या मापात साडेचोवीस मिलिमीटरचे होते. गोणपाटाचे धागे हिरवट पिवळ्या रंगात बुडवून, प्रत्येकाच्या टोकाला फेव्हिकॉलचा थेंब आणि त्यावर रव्याचे चार कण असे कणीस करून, सुमारे सहाशे ताटे चिमट्याने एकेक करून रोवली. हे काम दोन महिने चालले आणि त्याचा मला फार अभिमान होता. मामा पुन्हा आले तेव्हा त्यांच्यासाठी गाडी सोडली. खेळण्यातली गाडी धावते तशी नव्हे. ताशी २५ किलोमीटरचा वेग मापात सेकंदाला आठ सेंटिमीटर पडतो आणि सहा फुटांची फळी ओलांडायला तेवीस सेकंद लागतात, तसे सावकाश. मामांनी गाडी पाहिली, पण त्यांचे लक्ष शेतात अडकले होते. त्यांनी चष्मा काढून फळीला नाक लावले.

"रान हे आसं फाटलंय," ते म्हणाले, "आन् जवारी कमरंच्या वर? कनीस भरलेलं? हे कुटलं साल म्हनायचं?"

मी गप्प झालो. मातीच्या भेगा मला आवडल्या म्हणून ठेवल्या होत्या आणि ज्वारी आवडली म्हणून लावली होती. दोन्ही एकाच शेतात एकाच दिवशी नांदू शकत नाहीत, हे सहाशे ताटे रोवताना एकदाही मनात आले नाही. भेगा बुजवू का, असे मी विचारले. मामा थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "भेगा खऱ्या हायेत. जवारी काढ. हे बहात्तर साल हाय."

तेव्हापासून माझ्या स्थानकावर १९७२ चा दुष्काळ आहे. चारशेहून अधिक ताटे उपटली, उरलेली कापून गुडघ्याइतकी केली आणि त्यांचा हिरवा रंग पुसून टाकला. कडुलिंबाच्या झाडाची निम्मी पाने खुडली. रुळांपलीकडे दुष्काळी कामावरचा खडीचा ढीग घातला आहे आणि त्याच्याभोवती खडी फोडणारी माणसे बसवायची आहेत. विकत मिळणाऱ्या एचओ माणसांच्या अंगावर ओव्हरकोट आणि हातात प्रवासाच्या बॅगा असतात; त्यांचे कोट ब्लेडने तासून, टिश्यू पेपरच्या पट्ट्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून धोतरे आणि लुगडी नेसवावी लागतात. बसलेल्या बाईच्या लुगड्याचा काष्टा वीस मिलिमीटरहून कमी उंचीत जमवताना आतापर्यंत नऊ बाया वाया गेल्या.

त्या वर्षी अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, जिला सगळे मिलो म्हणत, रेशनवर मिळत असे. तिच्या भाकरीची चव मामांना अजून आठवते आणि ते तिच्याविषयी चांगले बोलत नाहीत. म्हणून एका वाघिणीचे दार उघडे ठेवले असून फलाटावर पोती उतरवलेली दाखवतो आहे. खरे पोते तीन फुटांच्या आसपास असते, म्हणून माझे साडेदहा मिलिमीटरचे. कणकेसारख्या मळलेल्या एपॉक्सी पुटीचे लहान लाडू करून, ओले असतानाच त्यांच्यावर मलमलीचा तुकडा दाबला की विणीचा ठसा उमटतो. पोती एकावर एक रचताना मऊ असतानाच रचावी, म्हणजे खालची दबतात. बावीस झाली आहेत, आणखी चाळीस तरी लागतील.