बुजगावण्याचे अकरा फोटो

"भाऊजी, यंदा लेकरायचे फोटू चांगले काढून द्या," वहिनीनं दिवाळीच्या आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं. बहिणीची दोन, भावाची तीन, अशी पाच. सेकंडहँड कॅमेरा घेऊन मला चार महिने झाले होते आणि तोवरची माझी कमाई म्हणजे बैल, बोरीचं झाड, पुन्हा बैल. सावकाश हलणाऱ्या गोष्टींवर हात बसला होता.

म्हणून दोन दिवस आधीच गावी जाऊन तालीम केली. समोर उभं राहायला बुजगावणं. कडब्यासाठी पेरलेल्या ज्वारीच्या पट्ट्यात ते बाबांचा जुना सदरा घालून उभं असतं. मागं पऱ्हाटी फुटून पांढरी झालेली. बाबा धुऱ्यावरून बघत होते.

"त्याचा फोटू काहाले काढून राह्यला?"

याचं पटेल असं उत्तर मला अजूनही सुचलेलं नाही.

पहिला फोटो पाहिला तर कापूस मळकट. अवकाळी पावसात भिजलेला, व्यापारी भाव पाडून मागतो तसा. कॅमेरा समोरचं जग सरासरी करड्या रंगाचं धरून चालतो, १८ टक्के उजेड परतवणारं. फ्रेमभर पांढरं दिसलं की तो उजेड कमी करतो. मग आपण त्याला एक पायरी वाढवून सांगायचं. नांगरलेल्या रानाकडे वळलो तर उलटं, काळी माती राखेसारखी फिकट. तिथं कमी करून सांगायचं. वर कापूस आणि खाली काळी माती, आमच्याकडे दुसरं आहे काय? आणि ह्याला दोन्ही पटत नाही.

पन्नास मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर, म्हणजे पूर्ण उघडी ठेवली की मागची पऱ्हाटी दुधासारखी विरघळते, म्हणून मी खूश होतो. पण दोन मीटरवरून स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम बारा सेंटीमीटर, म्हणजे अर्धी वीत. मडक्यावर कोळशानं काढलेले डोळे एकदम रेखीव आले, कारण मडकं मान वळवत नाही. लेकरू नाकतोडा बघायला वाकलं की गेलंच हातातून. म्हणून लेन्सचं भोक बारीक करून एफ ४ ठरवलं, म्हणजे जास्त भाग स्पष्ट येतो; शटर १/५०० सेकंद, म्हणजे हललं तरी पुसट येत नाही. निंबाखालची जागा रद्द केली. पानांतून ऊन पडून सदऱ्यावर चितळासारखे ठिपके आले होते. सोयाबीन काढलेल्या वावरात खुंट टोचतात, तेही बाद. लाईन जायच्या आत बॅटरी भरून घेतली. सूर्य साडेपाचनंतर बुडतो, तेव्हा पाच ते साडेपाच, ऊन लेकरांच्या पाठीशी घेऊन. तोंडावर उजेड परतवायला आईची पांढरी चादर. "मातीत टेकवजो नोको," एवढ्या अटीवर मिळाली.

अकरा फोटो झाले. तयारी पक्की.

ठरल्या दिवशी पाच जण आले ते पावडर, तेल, चमकीचे कपडे अशा थाटात, आणि कोणी न सांगता उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिले. हात खाली, तोंड बंद, कान मोकळे. त्यांच्या लेखी फोटो म्हणजे आधारकार्ड, नाही तर शाळेचा फॉर्म. हसू नको, हलू नको, कान दिसू दे, हे आजवर आपणच त्यांना शिकवलेलं. "हसा" म्हटल्यावर पाचही जणांनी दातांच्या डॉक्टरला दाखवावे तसे दात दाखवले. याची तालीम बुजगावण्यासमोर होणार तरी कशी?

दहा मिनिटं अशीच गेली. मग धाकटीला स्वतःचा फोटो बघायचा होता. तिनं बटण भलत्याच बाजूला दाबत नेलं.

"हे तं आबाजीचा सदरा घालून हाय!"

पाच डोकी कॅमेऱ्यावर आली. एक फोटो, दुसरा, तिसरा, तेच मडकं, तोच सदरा. अकरावा येईस्तोवर मोठा खाली बसून पोट धरून हसत होता. "मामा, तू दोन दिवस याचेच काढत होता काय?"

मी मान डोलावली. तो उठला, दोन्ही हात आडवे पसरले, मान एका खांद्यावर टाकली. "माहा बी असाच काढ."

बाकीचे चारही जण हात पसरून त्याच्या शेजारी. वहिनीला हसू आवरेना, चादर सुटली आणि मातीत पडली. आईकडे मी मुद्दामच बघितलं नाही. ऊन अजून वीसेक मिनिटांचं होतं. मी काळ्या मातीत गुडघे टेकले.