६० फुटी बोट आणि दोन गिअर

लोकांना वाटतं दोन इंजिनांची एवढी मोठी फिशिंग बोट स्टिअरिंगवर वळते. जेटीला लावताना मी तर त्याला हातच लावत नाही, रडर (पाण्याखालची सुकाणू) सरळ ठेवायचे, एक इंजिन पुढे, दुसरं रिव्हर्सला, की बोट जागच्या जागी फिरते. थ्रॉटल (इंजिनचा वेग) वाढवायचा नाही, नुसता गिअर टाकायचा नि काढायचा. पहिल्या वर्षी मी घाईत थ्रॉटल दिला आणि मागचा कोपरा खांबावर आपटला, असो.

गळाला मोठा मासा लागला की त्याच्या दिशेने हीच बोट रिव्हर्समध्ये पळवावी लागते, मग लाटा थेट मागच्या डेकवर. मजा येते, पण पाणी बाहेर जायची भोकं आधी साफ करून ठेवा.

खरा जीव खातो तो मेंटेनन्स. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) फाटला की इंजिन बघता बघता तापतं, आणि तुटलेली पाती हीट एक्स्चेंजरमध्ये (इंजिनची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडणारा भाग) जाऊन अडकतात, ती मोजून सगळी शोधायची, एकही सोडायची नाही. झिंकचे अ‍ॅनोड (बाकीचा धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारे तुकडे) अर्धे झिजले की बदला, नाहीतर त्यांच्याऐवजी प्रॉपेलर आणि तो फिरवणारा शाफ्ट खाल्ले जातात. आणि परत आल्यावर रीलसकट सगळं गोड्या पाण्याने धुवायचं, कितीही दमलेले असा.