मालक, हात वर कर

त्या दिवशी अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत सकाळी साडेदहाला आम्ही पागेतला प्रसंग लावला, तो दुपारी दोनपर्यंत पुढे सरकला नाही. पडद्यावर प्रसंग होता जेमतेम साडेतीन मिनिटांचा. तरुण सरदार लढाईतून जखमी होऊन परततो, पागेत गवतावर बसतो आणि त्याला लहानाचं मोठं केलेला म्हातारा नोकर त्याच्या अंगावरचं चिलखत उतरवतो. मालिका काल्पनिक राज्याची. पुढच्या भागांत ड्रॅगन आहेत, जळणारी शहरं आहेत. पण मला विचाराल तर त्या मालिकेतला सगळ्यात खरा प्रसंग हाच. पोलादी चिलखत एकट्याला नीट घालता-काढता येत नाही. खांद्याचे, दंडाचे, पाठीचे पट्टे सोडायला दुसऱ्याचे हात लागतात. ज्याने हे दृश्य लिहिलं त्याला ते माहीत होतं.

अकरा वर्षं मी परदेशी मालिका-चित्रपटांचे मराठी संवाद लिहिते आहे. अद्भुतरम्य कथांचं काम आलं की जीव अडकतो तो शब्दांपाशी. ‘नाइट’ला, म्हणजे युरोपातल्या चिलखती घोडेस्वाराला, काय म्हणायचं? बहुतेक जण ‘योद्धा’ लिहून मोकळे होतात. मी या मालिकेत ‘शिलेदार’ वापरला. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. युरोपातला नाइटही आपला घोडा, आपलं चिलखत घेऊनच धन्याच्या चाकरीला उभा राहायचा. दोघं एक नव्हेत, पण घोडा कोणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे तितकाच मोठा होता. छोट्या उमरावाच्या दगडी घरालाही मी ‘किल्ला’ म्हटलं नाही, ‘गढी’ म्हटलं. गढी म्हटलं की बुरूज, धान्याची पेवं आणि वाड्यातली माणसं एकदम समोर येतात.

पागेच्या प्रसंगात नोकर सहा वेळा ‘माय लॉर्ड’ म्हणतो आणि त्यातल्या चार वेळा कॅमेरा त्याच्या तोंडावर आहे. म्हणजे ओठ जुळायलाच हवेत. शाळेत शिकलेला ‘प’वर्ग आमच्या धंद्यात रोज उपयोगी पडतो. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, आणि मिटलेले ओठ लपवता येत नाहीत. ‘माय लॉर्ड’मध्ये ओठ सुरुवातीला एकदाच मिटतात. ‘प्रभो’त ते दोनदा मिटतात. ‘स्वामी’त मधेच मिटतात. ‘सरकार’ आणि ‘धनी’त मिटतच नाहीत. ‘महाराज’ बसतो, पण पागेतल्या जखमी पोराला महाराज कोण म्हणेल? दोन रात्री मी हे घोळवत होते. मग ‘मालक’ सुचलं. म पाशी ओठ मिटतात, आ ला उघडतात, मग ल. पडद्यावरच्या त्या म्हाताऱ्याच्या तोंडात तो शब्द असा बसला की जणू त्याने तोच उच्चारला होता.

कंपनीकडून आलेल्या पर्यवेक्षकांना तो रुचला नाही. “मॅडम, मालक म्हणजे एकदम शेतावरचं वाटतं. जुना काळ आहे, भाषा भारदस्त हवी.”

त्यांचं म्हणणं मला परकं नाही. 1861च्या ‘मुक्तामाले’पासून मराठीतल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी आणि पुढे ऐतिहासिक नाटकांनी आपल्या कानाला ती सवय लावली आहे. जुना काळ म्हटला की माणसं पल्लेदार वाक्यांत बोलणार. पण खरंच मध्ययुगातलं मराठी गद्य उघडून पाहा. ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकातलं, आणि त्यातली वाक्यं केवढी तुटक, घरगुती! माणसं जेवतात, वाट विचारतात, रुसतात. भारदस्तपणा नंतरच्यांनी त्या काळावर चढवला.

मला आवडलेल्या अद्भुत कथांतही तेच आहे. टोल्किन यांच्या अंगठीच्या कथेत शेवटचा डोंगर चढताना नायक फ्रोडोला पाठीवर घेतो तो त्याचा माळी, सॅम. राजे, जादूगार सगळे असताना तो भार उचलतो एक चाकर माणूस. भाच्यामुळे मी ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ हा 2018चा व्हिडिओ गेम पाहिला. 1403मधलं बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक देशातला मुलूख, नायक लोहाराचा मुलगा. त्याला भूक लागते, झोप येते, आणि सुरुवातीला त्याला वाचता येत नाही, ते कोणाकडून तरी शिकावं लागतं. एकही ड्रॅगन नाही. तरी तो काळ मला कुठल्याही जळत्या शहरापेक्षा जवळचा वाटला.

नोकराचा आवाज द्यायला काका आले होते. वय सत्तरीच्या पुढे, उभं आयुष्य नाटकात गेलेलं. पहिले दोन टेक त्यांनी कागदाबरहुकूम दिले : “मालक, हात वर करा.” ठीक होते. तिसऱ्या टेकला पडद्यावर छातीचा पत्रा सुटला, खालचा रक्ताने चिकटलेला सदरा दिसला, आणि काका हलक्या आवाजात म्हणाले, “हात वर कर.”

रेकॉर्डिस्टने माझ्याकडे पाहिलं. पर्यवेक्षक म्हणाले, “काका, ‘करा’ हवं. तो नोकर आहे.”

काका काचेपलीकडे हेडफोन काढून थोडा वेळ गप्प उभे राहिले. मग मला म्हणाले, “अगं, माझे वडील सालगडी होते. गढीवरच्या धाकट्याला चारचौघांत मालक म्हणायचे, अहो-जाहो करायचे. पण त्याला ताप भरला की रात्रभर उशाशी बसून ‘तोंड उघड, घोटभर घे’ म्हणायचे. चिलखत असेपर्यंत तो मालक. ते उतरल्यावर कसला मालक?”

मी स्क्रिप्ट पुन्हा वाचली. इंग्रजीत सगळीकडे एकच ‘यू’, त्यामुळे मीही सगळीकडे ‘तुम्ही’ लिहीत गेले होते. पण ही मालिका ज्या काळाचा आव आणते त्या काळातल्या इंग्रजीत हा भेद होता. ‘दाऊ’ म्हणजे तू, आणि मान द्यायचा तर ‘यी’. फ्रेंचमध्ये तर ‘तू’ आणि ‘वू’ आजही आहेत. आजच्या इंग्रजीने जे गमावलं ते मराठीत शाबूत आहे. म्हणजे या एका जागी आमचा अनुवाद मूळ संवादापेक्षा त्या काळाच्या अधिक जवळ जाऊ शकत होता, आणि मी ती जागा ओलांडून पुढे निघाले होते. हे मी पर्यवेक्षकांना सांगितलं. शिवाय त्या वाक्याला कॅमेरा पट्ट्यांवर आणि हातांवर होता, तोंड दिसतच नव्हतं. ओठांची अडचण नव्हती.

त्यांनी दोन्ही टेक लागोपाठ ऐकले. पुन्हा ऐकले. मग म्हणाले, “सुरुवातीचे ‘मालक’ तसेच ठेवा. पत्रा सुटल्यानंतरचं सगळं बदला.”

पुढची सात वाक्यं मी तिथेच, खुर्चीच्या हातावर कागद ठेवून बदलली. ‘तुम्हाला दुखतंय का’चं ‘दुखतंय?’ झालं. ‘आपण विश्रांती घ्यावी’चं ‘पड जरा’ झालं. काकांनी सगळी एका दमात दिली.

चार वाजता सरदाराचा आवाज देणारा मुलगा आला. खर्जातला, तयारीचा आवाज. त्याला आम्ही आधी काकांचा ट्रॅक ऐकवला. त्याच्या कागदावर उत्तर होतं, ‘होय, मी सिद्ध आहे.’ तो हेडफोन लावून ऐकत राहिला, माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, हे असं नाही ना म्हणणार तो?” आणि लाल दिवा लागल्यावर नुसतंच म्हणाला, “हं.”